पोटात न सापडलेलं औषध

१

"रंगाऱ्याच्या पोटात औषध नाहीये."

दुर्बीणवाले डॉक्टर हातमोजे काढता काढता एवढंच बोलले, आणि धाकटी सिस्टर हातात ट्रे धरून होती तशीच उभी राहिली.

खरं म्हणजे त्या क्षणी सगळ्यांनी हुश्श करायला हवं होतं. माणूस वाचला होता. शाळेच्या सभागृहाचं छत रंगवताना हा रंगारी शिडीवरून पडला, डोक्याला जबर मार लागला, आणि तेव्हापासून तो आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. आज सकाळी धाकटी त्याचं तोंड पुसायला गेली, तर ओठांच्या कोपऱ्यातून काळपट काहीतरी ओघळलेलं, कॉफीच्या गाळासारखं. तिने आधी नळीतून दूध सोडणारा पंप बंद केला आणि मग अशी हाक मारली की अख्खा मजला धावत आला. नाकातली नळी काढून घशातून दुर्बीण आत गेली, जठरात रक्त झिरपणारा व्रण सापडला, त्याला बारीक चिमटा बसला, रक्त थांबलं.

"नाहीये म्हणजे?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. आयसीयू त्यांच्या हाताखाली होतं.

"म्हणजे तुमचं ते पांढरं औषध, सर. ते जठराला आतून लेपासारखं चिकटून बसतं. रक्त काही फार नव्हतं, चार ओघळ होते, त्यात ते धुऊन जाणार नाही. बाकी भिंती कोऱ्या करकरीत. कुणी एक हातसुद्धा फिरवलेला नाही."

मोठे डॉक्टर सावकाश वळले. "सिस्टर, पांढरं औषध कोण देतं?"

"मी, सर. माझ्या पाळीला मी, नंतरच्या पाळीला दुसऱ्या. पण जास्त करून मीच."

"दिलंत?"

"दिलं, सर. वेळच्या वेळी. नळीतून."

"मग ते गेलं कुठे?"

धाकटीने ट्रे खाली ठेवला आणि तक्त्यावरची आपली सही पुन्हा पाहिली.

२

त्या आयसीयूत दोन सिस्टर बरोबरीने काम करायच्या. वयाने मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. धाकटी बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतली होती. घरी तान्ही मुलगी, तिला सांभाळायला सासूबाई. पोरगी रात्रभर जागवायची आणि सकाळी आई डोळे चोळत कामावर यायची.

म्हणूनच मोठ्या डॉक्टरांचा प्रश्न तिच्या जिव्हारी लागला. आपण औषध दिलं हे तिला ठाऊक होतं. पण खरंच ठाऊक होतं का? तक्त्यावर सही होती. सही काय, सवयीनेही होते. झोपेच्या गुंगीत हात एक करतात आणि मन दुसरंच सांगतं, असं तिने ऐकलं होतं. परवाच तिने घरी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. सासूबाई तो चहा गुपचूप प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "छान झालाय, पण उद्या जरा कमी खारट कर."

इथे खारट चहावर निभावणार नव्हतं. ते औषध का देतात हे मोठे डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला राउंडमध्ये समजावून सांगायचे. धाकटीला ते तोंडपाठ होतं. शरीरावर मोठा आघात झाला की शरीर कंजूष होतं. रक्त आधी मेंदूला, आधी हृदयाला; पोटाच्या वाट्याला उरलंसुरलं. मग जठराच्या उपाशी भिंतीला स्वतःचंच आम्ल सोसत नाही, ती जागोजागी सोलवटते आणि एक दिवस रक्त येतं. "ताणाचा अल्सर," ते म्हणायचे, "हा परीक्षेच्या टेन्शनचा ताण नव्हे बरं का. मरणाशी झुंज देणाऱ्या शरीराचा ताण. सरसकट सगळ्यांना ही औषधं वाटणारा डॉक्टर आळशी. पण ज्याला व्हेंटिलेटर लागलाय, ज्याचं रक्त गोठत नाहीये, ज्याच्या डोक्याला मार आहे, त्याला विसरणारा डॉक्टर धोक्याचा."

तरुण डॉक्टर यासाठी आम्ल थोपवणारं इंजेक्शन देत. मोठ्या डॉक्टरांचा जीव मात्र जुन्या पांढऱ्या औषधावर. आम्ल जंतूंना मारतं, तेच बंद केलं तर जंतू वर चढून फुप्फुसात शिरतात, हा त्यांचा मुद्दा. त्यावरून खालच्या मजल्यावर चेष्टाही चालायची, की सरांना पोट दिसलं की चुना काढावासा वाटतो.

आज चेष्टा करायला कुणी धजलं नाही. रंगाऱ्याला शिरेतून इंजेक्शन सुरू झालं. मोठे डॉक्टर धाकटीला कोरडेपणाने म्हणाले, "दुपारच्या चहानंतर माझ्या खोलीत या. न देता सही केली असेल, तर तुमचं इथलं काम संपलं. कुठल्याच इस्पितळात तुम्हाला उभं करणार नाहीत. तोवर पेशंटला हात लावू नका."

मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरणीकडे पाहिलं. "मॅडम, तुमचा या वॉर्डशी संबंध नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सगळ्यांशी बोला. मला उत्तर हवंय, कुणाची तरफदारी नको."

ती पणबाई होती. खालच्या मजल्यावरच्या वॉर्डची डॉक्टर. समोरच्याने काहीही सांगितलं की ती म्हणायची, "पण..." आणि समोरच्याला घाम फुटायचा. धाकटीला तर आधीच फुटला होता.

३

"रडून झालं असेल तर चल," पणबाई म्हणाली. "नसेल झालं, तर चालता चालता रड. वेळ कमी आहे."

पहिली गाठ औषधवाल्या काकांशी. तळघरातल्या औषधांच्या खोलीत ते चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"बाटलीत भेसळ? माझ्या खोलीत?" काका उठूनच उभे राहिले. "अहो मॅडम, माझ्या घरचा दूधवाला पाणी घालतो, मी नाही!"

"तसं म्हटलं का मी? पण बाटली बघू तरी."

रंगाऱ्याच्या नावाची अर्धी बाटली वरून मागवली. काकांनी ती हलवून छोट्या पेल्यात थोडं ओतलं, पेला तिरका केला. पांढरा दाट थर काचेला चिकटून राहिला, खाली उतरायला तयारच होईना.

"हे बघा. चिकटपणा म्हणजे काय! आता हा पेला घासायला कोण येणार आहे?"

"मी घासते," धाकटी पटकन म्हणाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, अर्धी बाटली संपलीय ना? मग ती तू काय झाडाला घातलीस का? मी सांगतो त्यांना."

धाकटीला एकदम गलबलून आलं. सकाळपासून तिच्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस.

"पण काका," पणबाई जिना चढता चढता म्हणाली, "बेसिनमध्ये ओतूनही बाटली अर्धी होते."

वर, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती. धाकटीला पाहताच ती उठली आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"ताई, तुम्ही सकाळी त्यांचं तोंड पुसायला आला नसतात तर? मला झोप लागली होती हो खुर्चीत. तुम्ही ओरडलात म्हणून..."

"वहिनी, तुम्ही दिवसभर जवळ असता," पणबाईने मध्येच विचारलं. "सिस्टर पांढरं औषध देताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं की. सिरिंजमधून घालतात, मग वरून पाणी. सिस्टर देतात तेव्हा मी ह्यांच्या पोटावर हात ठेवून बसते. तेवढंच आपलं. बोलत तर नाहीत ते." ती थोडं हसली. "आधी दूध गेलं की हाताखाली गुडगुड लागायची, ढेकर येऊन दूध उशीवर यायचं. मी मनात म्हणायचे, घरी पण असेच, जेवून उठले की तोफखाना सुरू! नवी नळी टाकल्यापासून सगळं शांत. गुडगुड नाही, वर येणं नाही. पोट जसं रिकामंच."

"पण नवी नळी कधी टाकली?" पणबाईने विचारलं.

आणि तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की धाकटीने मान वर केली.

४

"आठवडा उलटला असेल," थोरली सिस्टर म्हणाली. सलाईनची बाटली बदलता बदलता ती बोलत होती. "जुन्या नळीतून दूध टिकेना, सारखं वर यायचं. फुप्फुसात गेलं असतं तर आणखी पंचाईत. मग लंबूने बारीकशी लांब नळी टाकली आणि जाताना सांगितलं, आता दूध वर येणार नाही. खरंच नाही आलं. आम्ही किती खूश झालो!"

लंबू म्हणजे आयसीयूतला शिकाऊ डॉक्टर. दारातून वाकून येणारा.

"त्या नळीचा त्रास काय तो एकच," धाकटीने घाबरत घाबरत सांगितलं. "बारीक फार. पांढरं औषध आत अडकायचं. मग मी हळूहळू पाणी सोडून सोडून ते पुढे ढकलायचे. नाहीतर नळीच बदलायला लागली असती."

"नळी टाकल्यावर एक्स-रे काढला ना?"

"काढला. छातीचा. आपण बघतो ना, नळी चुकून फुप्फुसात तर गेली नाही. नव्हती गेली."

"पण टोक?"

"टोक फोटोत मावत नाही, मॅडम. छातीच्या फोटोत पोट अर्धंच येतं. नळी सरळ खाली गेलेली दिसली की झालं."

"आणि ती नळी आता कुठाय?"

"दुर्बिणीच्या वेळी ओढून काढली. कचऱ्यात गेली."

"लंबू?"

थोरलीचा हात थांबला. "तो नाहीये. आज पहाटेपासून रजेवर आहे. मी सकाळी दोनदा फोन लावला, बंद लागतोय."

धाकटीच्या मनात पहिल्यांदाच एक विचार चमकून गेला, आणि त्याची तिला लाजही वाटली. रक्त आजच आलं, आणि तो आजच गायब? लंबूने रंगाऱ्याला काही केलं असेल? तिच्या मुलीच्या बारशाला विदूषकाचं नाक लावून आलेला लंबू?

"असं करू," पणबाई म्हणाली. "आता दुर्बीणवाल्या डॉक्टरांना मला एकच प्रश्न विचारायचाय. तो त्यांना सकाळीच कुणीतरी विचारायला हवा होता."

"कुठला?"

पण पणबाई तोवर जिन्याच्या वळणापलीकडे गेली होती.

५

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मेट्रनबाई, दुर्बीणवाले डॉक्टर, थोरली, औषधवाले काकासुद्धा. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. धाकटी दाराला टेकून उभी होती. बसायला सांगितलं तरी तिला बसवेना.

"बोला, मॅडम," मोठे डॉक्टर म्हणाले. "औषध दिलं होतं की नव्हतं?"

"सर, आधी दुधाचं बोलू."

"दुधाचं?"

"सकाळी सिस्टरने रक्त पाहिलं तेव्हा दुधाचा पंप चालू होता. तो त्यांनी बंद केला आणि लगेच सगळी धावपळ झाली. म्हणजे दुर्बीण आत गेली तेव्हा जठरात काय सापडायला हवं होतं?" ती दुर्बीणवाल्या डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत औषध नव्हतं. दूध होतं?"

दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हापासून तेच आठवतोय. नव्हतं. थेंबही नव्हता. मला सगळं इतकं स्वच्छ दिसलं की मला बरंच वाटलं. का स्वच्छ आहे, हे डोक्यातच आलं नाही."

"उतरून गेलं असेल पुढे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"पण मेट्रनबाई, याच माणसाचं जठर इतकं मंद चाललं होतं की दूध उशीवर यायचं. डोक्याला मार लागला की होतंच तसं. ते काही अचानक एवढं चपळ होणार नाही. दूध दिलंच नाही, असा आरोप कुणी केलेला नाही. बाटल्या रिकाम्या होताना सगळ्यांनी पाहिल्यात. दूध आणि औषध एकाच नळीतून जात होतं. दूध दिलं आणि तरी जठरात सापडलं नाही. मग औषध सापडलं नाही, एवढ्यावरून ते दिलं नाही असं कसं म्हणायचं? दोघं एकाच वाटेने गेले. जिथे दूध गेलं, तिथेच औषध गेलं."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढला.

"वहिनींच्या हाताला गुडगुड लागेनाशी झाली. दूध वर येणं थांबलं. आणि हे सगळं एकाच दिवशी, नळी बदलली त्या दिवशी." पणबाईने मोबाईल टेबलावर ठेवला. "आता लंबूचा फोन लागतोय. परीक्षेला निघाला होता, घाटात रेंज नव्हती."

फोनच्या आवाजात बसचा घरघराट मिसळला होता. "मॅडम? रंगारीकाका कसे आहेत?"

"बरे आहेत. लंबू, नवी नळी कुठवर नेलीस?"

"जठराच्या पुढे, आतड्यात. मुद्दाम नेली. दूध जठरात राहिलं की वर यायचं, फुप्फुसात जायची भीती. का, काही चुकलं का?"

"नाही, बरोबर केलंस. त्यांना पांढरं औषध त्याच नळीतून जात होतं, माहीत होतं तुला?"

"यांनाही पांढरंच औषध?" लंबू गोंधळला. "पोटासाठी इंजेक्शनच असेल ना शिरेतून? आम्ही तरुण डॉक्टर सगळ्यांना तेच..." तो मध्येच थांबला. "अरे देवा. ते तर जठराला लागलंच नसेल."

"नाही लागलं," पणबाई म्हणाली. "परीक्षा नीट दे. बाकी आल्यावर बोलू."

तिने फोन ठेवला. "ते औषध रक्तात मिसळून काम करत नाही, सर. जिथे लागेल तिथेच लेप. शिरेतलं इंजेक्शन असतं तर नळी कुठेही असली तरी चाललं असतं. आणि एक गोष्ट आणखी. जठरात दूध असलं की तेही भिंतीला थोडा आधार देतं. तेही पुढच्या दाराने निघून गेलं. तुमचं औषध बरोबर होतं. लंबूची नळी बरोबर होती. सिस्टरने तर बारीक नळीतून एकेक थेंब पुढे ढकलला. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि मधल्या मध्ये जठर उघडं पडलं. आपण पाळी बदलताना विचारतो, नळी चालतेय ना? चालत होती की. टोक कुठे आहे आणि तिथे पोचून हे औषध कामाचं आहे का, हे कुणी विचारलंच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. मग उठले. या खोलीत ते कुणासाठी उठल्याचं धाकटीने कधी पाहिलं नव्हतं.

"औषध मी लिहिलं," ते म्हणाले. "नळी बदलल्याचं मला राउंडला सांगितलं होतं. ते ऐकून औषध बदलायला हवं होतं, ते माझं काम. तुमचं नव्हे, लंबूचं नव्हे. आयुष्यभर लोकांना हा अल्सर कसा टाळायचा ते शिकवत आलोय मी." ते धाकटीकडे वळले. "सिस्टर, मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. मी चुकलो. तुमचे डोळे उघडे नसते तर आज तो माणूस आपल्यात नसता. आता जा आणि तुमच्या पेशंटला हात लावा."

"मी म्हटलंच होतं!" काका म्हणाले. त्यांनी काय म्हटलं होतं ते कुणीच विचारलं नाही.

६

बाहेर गॅलरीत धाकटीने पणबाईला गाठलं.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, हे मी जन्मात..."

"पण मी कुठे ठेवला?" पणबाई म्हणाली. "मला माहीतच नव्हतं तू खरं बोलतेस की खोटं. तू बेसिनमध्ये ओतलं असतंस, तर तेही मी तसंच सांगितलं असतं."

धाकटीच्या लक्षात आलं की याचेच आभार तिला सगळ्यात जास्त मानायचेत. दया म्हणून कुणी सोडलं असतं, तर ती घरी जाऊन रोज रात्री स्वतःलाच विचारत बसली असती, खरंच दिलं होतं ना मी? आता विचारायची गरज उरली नव्हती. झोप अपुरी असो, डोळे चुरचुरोत, तिचे हात तिचे होते आणि ते खोटं बोलले नव्हते.

"तरीही," ती म्हणाली, "थँक्यू."

"बरं. घेतलं." पणबाई निघाली, दोन पावलं जाऊन वळली. "आणि जरा झोप काढत जा गं. बाई आहेस की घुबड?"

आयसीयूत संध्याकाळची पाळी यायची वेळ झाली होती. मोठे डॉक्टर स्वतः पहिल्या खाटेपाशी उभे राहून नव्या पाळीला विचारत होते, नळीचं टोक कुठंय, आणि उत्तर आल्याशिवाय पुढच्या खाटेकडे सरकत नव्हते. थोरली पदराआड हसत होती. रंगाऱ्याचं बीपी सावरलं होतं, शिरेतलं इंजेक्शन धाकटीने स्वतः दिलं. त्याची बायको उशाशी बसली होती. "ताई, त्यांनी आत्ता माझं बोट दाबलं," ती म्हणाली. "खरंच दाबलं. मला भास नाही झाला."

"भास कशाला होईल, वहिनी?" धाकटी म्हणाली. "तुमच्या हाताला कळतं सगळं."

कपडे बदलायच्या खोलीत तिने घरी सासूबाईंना फोन लावला. सकाळपासून तिने घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"आई, मी निघतेय."

"उशीर केलास." मागून पोरीचं रडणं, मध्येच खिदळणं. "तुझी लेक आज पालथी पडली, माहितेय? पालथी पडली आणि आता परत उताणं व्हायचं कसं ते तिला कळेना, म्हणून माझ्यावर ओरडतेय."

धाकटी हसायला गेली आणि तिचा बांधच फुटला.

"रडतेस कशाला गं? उद्या पण पडेल ती पालथी. तुझ्यासमोर पडेल. ड्यूटीवर काही झालं का?"

"झालं होतं, आई. मिटलं. उद्या तीच ड्यूटी आहे." तिने नाक पुसलं. "घरी आल्यावर सांगते सगळं. आज इतक्या जणांचे आभार मानायचेत ना, सुरुवात कुणापासून करू कळत नाहीये."

"माझ्यापासून कर," सासूबाई म्हणाल्या. "कार्टी सकाळपासून कडेवरून उतरलेली नाही. ये लवकर."